चेहऱ्याला काय मानवेल, हे कसं ओळखायचं?

प्रश्न: वय २७. दुपारपर्यंत कपाळ आणि नाक तेलानं चमकतं, गाल मात्र ओढल्यासारखे होतात आणि आता काहीही लावलं की चुरचुरतात. हनुवटीवर अधूनमधून पुटकुळ्या येतात, त्यांचे तपकिरी डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. माझ्याकडे नऊ गोष्टी आहेत: सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, ग्लायकोलिक ॲसिडचा टोनर, व्हिटॅमिन सी, नायसिनमाइड आणि रेटिनॉल अशी तीन सीरम्स, स्क्रब, क्ले मास्क, जेल मॉइश्चरायझर आणि एक सनस्क्रीन, जे डोळ्यांत झोंबतं म्हणून पडून आहे. एका चाचणीत माझी त्वचा ‘मिश्र’ निघाली, दुसरीत ‘संवेदनशील’. मला नक्की काय योग्य? आणि आहेत त्या बाटल्यांचं काय करू?

उत्तर: तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला शब्द आहे ‘आता’. आता काहीही लावलं की चुरचुरतं, म्हणजे पूर्वी चुरचुरत नव्हतं. तुमची त्वचा जन्मतः संवेदनशील असेल असं मला वाटत नाही. ती तशी झाली आहे. तुमच्या यादीतला फेसवॉश, टोनर, रेटिनॉल आणि स्क्रब ही चारही मंडळी आपापल्या परीनं त्वचेचा वरचा थर पातळ करतात किंवा त्याला डिवचतात. व्हिटॅमिन सीचं सीरम साध्या ॲस्कॉर्बिक ॲसिडचं असेल तर तेही चांगलंच आम्लधर्मी असतं. प्रत्येक बाटली सुटी पाहिली तर ठीक आहे. सगळ्या एकाच चेहऱ्यावर, एकाच आठवड्यात आल्या की गालांनी तक्रार केली नाही तरच नवल.

दवाखान्यात मी नव्या पेशंटला सांगते, घरात चेहऱ्याला लावता ते सगळं पिशवीत घालून आणा. मागे तुमच्याच वयाची एक मुलगी आली होती. टेबलावर बाटल्यांची रांग लागली. मी तिला साध्या पाण्यानं तोंड धुऊन बाहेर बसायला सांगितलं. अर्ध्या तासानं भिंगातून पाहिलं तर नाकाच्या शेंड्यावर तेलाचे बारीक थेंब दिसत होते. गाल दोन बोटांनी हलकेच जवळ घेतला तर चुरगळलेल्या टिश्यू पेपरसारख्या बारीक रेघांचं जाळं उमटलं. तिला आरशात दाखवलं. ती म्हणाली, “पण डॉक्टर, माझी तर ऑइली स्किन आहे ना?” आहे. तेल आणि पाणी ही दोन वेगळी खाती आहेत, आणि तिचं एक खातं भरलेलं होतं तर दुसरं रिकामं.

तेल येतं ग्रंथींतून, आणि त्या ग्रंथी मुख्यतः हार्मोन्सचं आणि आनुवंशिकतेचं ऐकतात. (चेहरा कोरडा पडला की ग्रंथी भरपाई म्हणून जास्त तेल सोडतात, असं सर्रास सांगितलं जातं. त्याला भक्कम आधार नाही.) पाणी धरून ठेवणं हे काम मात्र सगळ्यात वरच्या मृत पेशींच्या थराचं. १५ ते २० पदर, आणि चेहऱ्यावर सगळे मिळून जाडी मिलिमीटरच्या एक-दोन शतांश. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी असते: पेशी या विटा, आणि मधला गिलावा स्निग्ध पदार्थांचा. त्यात जवळपास निम्मे सिरामाइड, पाव हिस्सा कोलेस्टेरॉल आणि बरीचशी मेदाम्लं. हा गिलावा तयार करणारी विकरं (एन्झाइम्स) नीट चालतात ती किंचित आम्लधर्मी वातावरणात. निरोगी त्वचेचा पीएच साधारण ५ च्या आसपास असतो. नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. दिवसातून चार वेळा तेल घालवायला तोंड धुतलं की ग्रंथी त्यांच्या गतीनं तेल ओतत राहतात, भिंत मात्र दुरुस्त व्हायला उसंत मिळत नाही. वर तेलकट, आत तहानलेली आणि भेगांतून सगळं झोंबणारी, अशी त्वचा होते. तुमच्या दोन चाचण्यांची दोन उत्तरं आली याचं मला आश्चर्य वाटत नाही.

तेलकट, कोरडी, सामान्य, मिश्र हे चार कप्पे दुकानातलं शेल्फ लावायला सोयीचे आहेत. त्यांचा उपयोग इशाऱ्यापुरता करा. माझी स्वतःची त्वचा तिशीत तेलकट होती, आज पन्नाशीनंतर हिवाळ्यात हातपायच नाही तर कपाळसुद्धा कोरडं पडतं. पाळीच्या आधीचा आठवडा, ऋतू, एखादं औषध, एसीत काढलेले आठ तास, सगळ्यांनी उत्तर बदलतं. आणखी एक वर्गीकरण तुम्ही वाचलं असेल, त्वचेच्या रंगाचे आज सहा प्रकार सांगणारं, त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांचं. ते १९७५ मध्ये आलं ते अतिनील किरणांच्या उपचारात कोणाला किती मात्रा द्यायची हे ठरवायला. क्रीम निवडायला नव्हे. तरी त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. गहूवर्णी आणि सावळ्या त्वचेत रंगपेशी फार तत्पर असतात. पुटकुळी असो, ओरखडा असो की क्रीमनं झालेली जळजळ असो, दाह झाला की मागे तपकिरी डाग ठेवून जातो. म्हणून “आग होतेय म्हणजे काम करतंय” हा समज आपल्या रंगाला सगळ्यात महाग पडतो. तुमच्या हनुवटीवरच्या डागांतले काही पुटकुळ्यांचे नसून सीरमचे असू शकतात.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कॉलेजातल्या मुलाला मी एकाच चिठ्ठीवर ट्रेटिनॉइन (रेटिनॉलचा जास्त कडक भाऊबंद), बेंझॉइल पेरॉक्साइड आणि ॲसिडचा फेसवॉश लिहून दिला होता. लवकर गुण यावा ही त्याची घाई, आणि माझीही. तो दहा दिवसांनी आला तो गालावर लालभडक चट्टे घेऊन. मुरुम दोन महिन्यांत आटोक्यात आले. मी दिलेले काळे डाग जायला जवळपास वर्ष लागलं. तेव्हापासून एका वेळी एकच नवी गोष्ट.

तर आधी वजाबाकी. पुढचे चार आठवडे फक्त तीन गोष्टी: सौम्य क्लिन्झर, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. बाकी सगळं कपाटात. चार आठवडे अशासाठी की तरुण त्वचेत तळाशी जन्मलेली पेशी वरपर्यंत येऊन गळायला साधारण तेवढा काळ लागतो. वय वाढतं तसा आणखी. या काळात पुटकुळ्या एकदोन जास्त आल्या तरी डगमगू नका.

क्लिन्झर निवडताना त्यातल्या ‘ॲक्टिव्ह’ घटकांवर पैसे घालवू नका, तो चेहऱ्यावर मिनिटभरही नसतो. साबण नसलेला, बिनवासाचा, जेल किंवा लोशन पुरे. फेस किती येतो यावरून तो किती साफ करतो हे कळत नाही. खरी कसोटी अशी: धुऊन, टिपून पाच मिनिटं काही लावू नका. बोट फिरवल्यावर चेहरा करकरीत लागला किंवा हसताना गाल ओढले गेले तर तो क्लिन्झर तुमचा नाही. रात्री एकदा धुवा, सकाळी नुसतं पाणी चालेल. घाम आला असेल तर अर्थातच पुन्हा धुवा.

मॉइश्चरायझरमध्ये तीन तऱ्हेचे घटक काम करतात. ग्लिसरीन आणि हायलुरॉनिक ॲसिड पाणी ओढून धरतात. सिरामाइड आणि तत्सम स्निग्ध पदार्थ गिलावा भरतात. पेट्रोलियम जेली किंवा डायमेथिकोन वरून झाकण घालतात. तेलकट चेहऱ्यासाठीच्या बऱ्याच जेलमध्ये पहिलीच तऱ्हा असते, म्हणून लावल्यावर गार वाटतं आणि दोन तासांत गाल पुन्हा ओढतात. तुमच्यासारख्या चेहऱ्याला मी एकच उत्पादन शोधत बसत नाही. कपाळ-नाकाला जेल, गालांना सिरामाइडचं क्रीम. सगळ्या चेहऱ्याला एकच डबी लागली पाहिजे असा काही दंडक नाही! आणि लावायचं ते चेहरा ओलसर असताना.

सनस्क्रीनबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण डागांसाठी तुम्ही दुसरं काहीही घेतलं आणि हे सोडलं तर खर्च वाया. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे अतिनील किरण अडवतो, ५० सुमारे ९८. फरक वाटतो तेवढा नाही. पण हे आकडे प्रयोगशाळेतले, दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेले. प्रत्यक्षात लोक त्याच्या पाव ते निम्मंच लावतात. म्हणून माझा सल्ला उलट्या बाजूनं सुरू होतो: आधी असं सनस्क्रीन शोधा, जे तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीइतक्या दोन रेघा भरून चेहऱ्याला-मानेला लावायला तुम्हाला जिवावर येणार नाही. मग एसपीएफ ३० च्या वर आहे ना आणि यूव्हीए, म्हणजे त्वचेत खोलवर जाणाऱ्या अतिनील किरणांसाठी डबीवर किमान पीए+++ अशी खूण आहे ना, ते बघा. डोळ्यांत झोंबतं तर डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइडचं घ्या. ते घामाबरोबर उतरलं तरी सहसा त्रास देत नाही, पांढुरकेपणा मात्र सोसावा लागतो. डागांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. आपल्या त्वचेत नुसता दृश्य प्रकाशसुद्धा रंग वाढवतो आणि साधी सनस्क्रीन्स तो अडवत नाहीत. आयर्न ऑक्साइड घातलेली, त्वचेच्या रंगाची टिंटेड सनस्क्रीन्स अडवतात. वांग किंवा चिवट डाग असलेल्यांना मी तीच सुचवते, आणि मग पांढुरकेपणाचाही प्रश्न मिटतो.

आता लेबलं. बाटलीच्या पुढच्या बाजूवर कंपनी बोलते, मागच्या बाजूवर कायदा बोलायला लावतो; वाचायची ती मागची. ‘हायपोॲलर्जेनिक’ म्हणजे ॲलर्जीचा धोका कमी, या शब्दाचा किस्सा मी नेहमी सांगते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९७५ मध्ये नियम केला की हा शब्द वापरायचा तर चाचण्यांनी सिद्ध करा. सौंदर्यप्रसाधन कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये अपील न्यायालयानं तो नियम रद्द केला. शब्द राहिला, अट गेली. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ची, म्हणजे रंध्रं न बुजवणाऱ्याची गोष्ट सशाच्या कानापासून सुरू होते: १९७० च्या दशकात रंध्रं बुजवणारे घटक शोधायला ते सशाच्या कानाच्या आत लावून पाहत. सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा फार लवकर चिडतो, आणि शिवाय सुटा घटक वेगळा आणि तयार क्रीम वेगळं. त्यामुळे अमुक तेलाला पाचपैकी चार गुण अशा ज्या याद्या फिरतात, त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. ‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेलं’ वाचलं की मी स्वतः त्वचारोगतज्ज्ञ असूनही मला प्रश्न पडतो, तपासलं ते ठीक, निष्कर्ष काय निघाला?

‘नैसर्गिक’ म्हणजे सौम्य नव्हे. लॅव्हेंडरच्या तेलातलं लिनालूल हे सुगंधी द्रव्य हवा लागून बदलतं आणि ॲलर्जीचं नावाजलेलं कारण बनतं. ‘अनसेंटेड’ म्हणजे वास येत नाही इतकंच. मूळचा वास झाकायला सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं. तुम्हाला हवं ते ‘फ्रॅग्रन्स-फ्री’. पॅराबेनच्या भीतीचंही असंच. संपर्कातून होणाऱ्या ॲलर्जीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संस्थेनं २०१३ मध्ये ‘वर्षाचा ॲलर्जेन’ म्हणून मिथाइलआयसोथायाझोलिनोन या प्रिझर्व्हेटिव्हची निवड केली, आणि २०१९ मध्ये पॅराबेनना उलट ‘ॲलर्जेन नसलेला’ असा मान दिला. ‘पॅराबेन-फ्री’ दिसलं की मग त्याऐवजी काय घातलंय ते मी बघते.

घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे असते, पण १ टक्क्यापर्यंतच. त्याखालचे घटक कंपनी कोणत्याही क्रमानं लिहू शकते. माझी युक्ती सांगते. यादीत फिनॉक्सीइथेनॉल शोधा. हे प्रिझर्व्हेटिव्ह सहसा १ टक्क्याच्या वर घालत नाहीत. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात मिरवलेला अर्क यादीत त्याच्याही मागे असेल तर तो नावापुरता आहे असं समजायला हरकत नाही. याला अपवाद रेटिनॉल वगैरेंचा. ते १ टक्क्याच्या खालीही चोख काम करतात.

नवी गोष्ट आणली की मनगटावर लावून दहा मिनिटं बघणं ही चाचणी नव्हे. ॲलर्जी उमटायला दोन-तीन दिवस लागू शकतात. कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेत, दिवसातून दोनदा, सात दिवस लावा. (धुऊन टाकायच्या वस्तू मात्र अशा लावून ठेवू नका, त्या नुसत्या जळजळ करतील.) नीट गेलं तर जबड्याच्या कडेला दोन-तीन दिवस, मग चेहरा. वर्षानुवर्षं वापरलेल्या वस्तूचीही ॲलर्जी अचानक होऊ शकते, तेव्हा “हे तर मी कायम लावते” हा पुरावा धरू नका. आणि पापण्या सुजल्या, खाजल्या तर फक्त क्रीमवर संशय घेऊ नका. शाम्पू आणि नेलपॉलिशसुद्धा तिथेच त्रास देतात. बोटं डोळ्यांपर्यंत किती वेळा जातात हे आपल्या लक्षात येत नाही.

चार आठवड्यांनी चुरचुर थांबली की मग एक औषधी घटक. पुटकुळ्या आणि डाग दोन्ही असतील तर माझी पसंती १० टक्के ॲझेलाइक ॲसिडला. ते दोन्ही आघाड्यांवर काम करतं आणि गरोदरपणातही चालतं. सुरुवातीला जरा खाजतं, म्हणून आधी एक दिवसाआड. त्याचा कंटाळा आला किंवा मानवलं नाही तर तुमच्याकडे नायसिनमाइड आहेच. ४-५ टक्के पुरे, १० टक्क्यांनी गुण वाढण्याऐवजी लाली वाढते असाच माझा अनुभव. बेंझॉइल पेरॉक्साइड घ्यायची वेळ आली तर २.५ टक्केच घ्या, मुरुमांवर ते १० टक्क्यांच्या तोडीस तोड आहे आणि जळजळ कमी. उशीचा अभ्रा मात्र पांढरा वापरा, रंगीत असेल तर रंग उडतो. कशाचाही निकाल ८ ते १२ आठवड्यांच्या आत लावू नका.

रेटिनॉलनं ‘आतलं बाहेर पडतंय’ म्हणून लोक हवं ते सोसतात. नेहमीच्याच जागी थोडे जास्त मुरुम आले आणि सहा आठवड्यांत ओसरले तर ते तसं असेल. नव्या जागी आले, खाज सुटली, सालपटं निघायला लागली तर ते बाहेर पडणं नाही, ते न मानवणं आहे. थांबवा.

काही गोष्टी उत्पादनांनी सुटायच्याच नाहीत. कपाळावर एकसारख्या आकाराचे, खाजणारे बारीक पुरळ बुरशीचे असू शकतात आणि मुरुमांच्या सीरमला दाद देत नाहीत. नाकाच्या कडांना, भुवयांत लाली आणि पिवळसर खपल्या असतील तो कोरडेपणा नव्हे. खोल, दुखऱ्या गाठी, खड्डे पडणारे मुरुम, पुटकुळ्यांबरोबर अनियमित पाळी आणि हनुवटीवर राठ केस, यांसाठी डॉक्टरच हवा. आणि एखाद्या क्रीमनं आठवड्यात रंग उजळला, पण बंद केलं की चेहरा लाल होऊन आग होते, तर त्यात स्टेरॉइड आहे असं धरूनच ती ट्यूब घेऊन या. घटकांची यादीच नसलेल्या गोरेपणाच्या क्रीमांत पाराही सापडतो, आणि तो मूत्रपिंडांपर्यंत जातो.

उरल्या तुमच्या बाटल्या. सॅलिसिलिकचा फेसवॉश पाठीवर पुटकुळ्या येत असतील तर तिथे वापरा. ग्लायकोलिकचा टोनर कोपर-गुडघ्यांना लावा, चेहऱ्यापेक्षा त्यांना तो जास्त उपयोगी. स्क्रब टाचांना. व्हिटॅमिन सीचा रंग बघा: तपकिरी झालं असेल तर टाकून द्या, फिकट असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, पण महिनाभर तरी चेहऱ्यापासून लांब. जेल कपाळासाठी आहेच. क्ले मास्क महिन्याभरानंतर फक्त नाकाला, सुकून तडकायच्या आत धुवायचा. झोंबणारं सनस्क्रीन मान आणि हातांवर संपवा. रेटिनॉल अंधारात, झाकण घट्ट लावून. ॲझेलाइक ॲसिड मानवलं तर दोन-तीन महिन्यांनी रेटिनॉलचा विचार करू, वाटाण्याएवढं, आठवड्यातून दोनदा, आणि गरोदरपणाचा विचार असेल तर अजिबात नाही. तोवर प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करनं लिहून ठेवा. मागे उघड्या डबीच्या चित्रात ६ एम किंवा १२ एम असं लिहिलेलं असतं ना, ते महिने त्या तारखेपासून मोजायचे.